मधुचंद्राचं ‘सगळं आलं’ पॅकेज : जमैकात पैसा कुठे थांबतो?

मधुचंद्रात पदोपदी पाकीट उघडायला नको, म्हणून जमैकाला जाणारी अनेक जोडपी ‘ऑल-इन्क्लुसिव्ह’ रिसॉर्ट निवडतात. खोली, जेवण, मद्य आणि बरेचसे जलक्रीडा प्रकार यांचे पैसे आधीच भरलेले असतात.

ही पद्धत आली कुठून?
‘क्लब मेड’ने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंच्या वसाहतीत ती सुरू केली. जमैकात गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट यांनी १९८१ मध्ये माँटेगो बे येथे ‘सँडल्स’ उघडलं. जोडप्यांसाठीची रिसॉर्ट ही पुढे त्याची ओळख बनली.

‘सगळं’ म्हणजे खरंच सगळं?
नाही. स्पा आणि बाहेरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. तेव्हा दर उतरतात, पण जोखीम वाढते. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मेलिसा’ चक्रीवादळ जमैकावरच धडकलं. त्यामुळे विमा आणि रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात.

स्थानिकांच्या हाती काय?
रोजगार मिळतो. पण जेवणाचे पैसे आधीच भरलेला पाहुणा बाहेरच्या खानावळीत क्वचितच जातो. किनाऱ्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याने जनतेला किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क दिलेला नाही. म्हणून पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या वाळूवर गावकऱ्यांना अडवलं जाऊ शकतं. त्याविरुद्ध तिथे न्यायालयीन लढाही सुरू झाला.

मग जोडप्याने काय करावं?
दोन-तीन जेवणं तरी फाटकाबाहेर घ्यावीत. रस्त्याकडेच्या टपरीवरचं जर्क चिकन पॅकेजमध्ये नसतं. त्याचे पैसे मात्र थेट टपरीवाल्याच्या हातात पडतात.