वीस टक्के इथेनॉल आणि आपला गाडीखर्च

आपल्या व्यापारी बांधवांची सध्या एक सर्रास तक्रार आहे : पेट्रोल पूर्वीइतकेच भरतो, पण गाडी पूर्वीइतकी चालत नाही. भिवंडीहून वाशीला कापडाचे गठ्ठे आणणारी माझी २०१२ सालची गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असे. आता वहीत १४ ची नोंद होते. मेकॅनिकने प्लग बदलला, फिल्टर बदलला, फरक पडला नाही. कारण पेट्रोलमध्येच आहे.

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ही योजना एका रात्रीत आलेली नाही. २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे, म्हणजे आपल्याच राज्यात, सुरुवातीचे प्रयोग झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभर सरासरी १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के अशी मजल गाठली गेली. इथेनॉल ऊस, मका व तांदळापासून बनते. तेलाची आयात घटते, शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते. हे फायदे कोणी नाकारू नयेत.

परंतु व्यापाऱ्याने खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. पेट्रोलच्या मानाने इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकीचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचे ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज होता. ग्राहकाला करसवलत देण्याचा विचार व्हावा, असेही त्यात सुचवले होते. पुढे २०२५ मध्ये इथेनॉलची खरेदीच लिटरला ७१ रुपयांच्या वर गेली. तेव्हा स्वस्ताईच्या भरवशावर राहू नये.

महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्या माझ्या गाडीला पूर्वी १०० लिटर लागत, आता १०७ लागतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी सातशे रुपये जादा. हा खर्च मालाच्या भाड्यात धरा, नाहीतर तो नफ्यातून जाईल.

गाडी जुनी असेल तर रबरी नळ्या व गॅस्केट तपासून घ्या. इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि गाडी अडखळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, झाकण घट्ट लावा. दुकानातल्या जनरेटरमध्ये महिनोन्महिने पेट्रोल पडून राहू देऊ नका. नवी गाडी घेताना ती २० टक्क्यांसाठी बनवली आहे का, हे पुस्तिकेत पाहा.

आपण मिश्र कापड विकतो तेव्हा सूत किती, पॉलिएस्टर किती, हे गिऱ्हाइकाला सांगतो आणि भावही त्या हिशेबाने लावतो. पेट्रोललाही हाच नियम असावा, ही मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरणे गैर नाही. तोपर्यंत प्रत्येकाने आपल्या गाडीची वही मात्र चोख ठेवावी.