एक गिटार, अनेक आवाज

घरात कुणी गिटार शिकत असेल तर एक मागणी तुमच्या कानावर आली असेलच : "आई, मला दुसरी गिटार हवी." पहिली घेऊन जेमतेम वर्ष झालेलं असतं. तिचे पैसे आपण कुठून कुठून बाजूला काढले ते आपल्यालाच ठाऊक! मग दुसरी कशाला? उत्तर ठरलेलं, "हिचा आवाज तसा येत नाही."

'तसा' म्हणजे आवडत्या गाण्यात ऐकू येतो तसा. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथल्या एका मुलीने तर नवी गिटार मिळेपर्यंत सरावच बंद ठेवला होता. घरात आईवडिलांची रोज बोलाचाली. हप्त्यांवर घ्यावी की नाही, यावर घर दुभंगायची वेळ आली. म्हणून म्हटलं, या विषयाची थोडी माहिती आपणही करून घ्यावी.

पहिली गोष्ट म्हणजे, मुलांचं म्हणणं खोटं नसतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली 'पिकअप' असतो. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते आणि तीच पुढे स्पीकरमधून ऐकू येते. फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये एकेरी रिळाचे तीन पिकअप होते. आवाज लख्ख, खणखणीत. पण घरच्या विजेची गुणगुणही त्यात शिरते. गिब्सनच्या लेस पॉल गिटारला १९५७ पासून दुहेरी रिळाचे पिकअप बसू लागले. दोन रिळं मिळून ती गुणगुण मारतात आणि आवाज भरदार होतो. शिवाय पिकअप घोडीजवळ असेल तर आवाज तीक्ष्ण, मानेकडे असेल तर गोलसर.

आता गंमत अशी, की हा सगळा फरक मोजता येतो. आणि जे मोजता येतं त्याचा हिशेबही मांडता येतो. तंबोऱ्याच्या खर्जात गांधार ऐकू येतो ना? तसे प्रत्येक वाद्याच्या एकेका सुरात अनेक बारीक सूर मिसळलेले असतात. त्यांतले कोणते ठळक, कोणते पुसट, यावरून वाद्याचा आवाज ओळखू येतो. गिटारमधली वीज कॉम्प्युटरमध्ये नेली की तिचे आकडे होतात, सीडीच्या हिशेबाने सेकंदाला ४४,१००. सॉफ्टवेअर त्या आकड्यांवर काम करून काही सूर उचलतं, काही दाबतं, आणि एकेरी रिळाची गिटार दुहेरीसारखी वाजू लागते. रोलँड कंपनीने १९९५ मध्ये अशा कामासाठी व्हीजी-८ नावाचं स्वतंत्र यंत्रच काढलं होतं. आता तेच काम साध्या लॅपटॉपवर होतं. ब्लू कॅट ऑडिओ कंपनीचं री-गिटार हे त्यातलं एक सॉफ्टवेअर.

लाकडी पेटीच्या गिटारची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या घोडीखाली बहुधा एक स्फटिक बसवतात. आपला गॅसचा लायटर आठवा! दाब पडला की वीज देणारा स्फटिक त्यात असतो. इथेही तत्त्व तेच. पण हा स्फटिक तारेची थरथर पकडतो, पेटीची घुमक नाही. म्हणून आवाज पातळ येतो. मग स्टुडिओत एखादी उत्तम गिटार मायक्रोफोनवर आणि स्फटिकावर एकाच वेळी मुद्रित करतात. दोन्हींतला फरक म्हणजे त्या पेटीच्या घुमकेचा ठसा. तो साठवून आपल्या गिटारच्या आवाजावर चढवायचा.

हे ऐकून "खोटा आवाज कशाला?" असं कुणी म्हणेल. पण इलेक्ट्रॉनिक तंबोरा आपण स्वीकारलाच की! रियाझाला तो उपयोगी पडतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा मान त्याने कमी होत नाही.

मात्र सॉफ्टवेअरला काय जमत नाही, तेही ध्यानात ठेवा. बेसूर गिटार ते सुरात लावून देईलच असं नाही. गंजलेल्या तारांची चमक परत येत नाही. बोटांचा कच्चेपणा झाकत नाही, उलट कधी कधी जास्तच उघडा पडतो. नायलॉनच्या तारांचा बोटांना लागणारा मऊपणाही त्यातून मिळणार नाही.

तेव्हा पैसे काढण्यापूर्वी एवढं करा :

आधी तारा बदला. घोडीची उंची जाणकाराकडून तपासून घ्या. कितीतरी गिटारी एवढ्यानेच बोलू लागतात. मात्र नायलॉनच्या तारांच्या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नका. त्यांच्या ताणाने घोडी उखडते.

सॉफ्टवेअर घेण्याआधी चाचणीची प्रत मिळते का ते पाहा. अशा प्रती पुष्कळदा फुकट असतात.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गिटारची वायर खुपसू नका. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी मिळते. तिच्यावर गिटारसाठी वेगळी जागा आहे ना, हे दुकानात विचारा. साध्या लाकडी गिटारला पिकअप नसेल, तर तो आधी बसवावा लागेल, तोही खर्च धरा.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो का, ते मुलालाच वाजवून पाहू द्या. सेकंदाचा शंभरावा भाग चालतो. त्याहून फार उशीर झाला की हात अडखळतो.

आणि हो, दुसरी गिटार खरोखरच लागते असेही प्रसंग असतात. मूल मोठं झालं आणि लहान मापाची गिटार हाताला पुरेना, मान वाकली, पेटीला तडा गेला, तर सॉफ्टवेअरने भागत नाही. तिथे उगाच काटकसर करू नये.

एरवी मात्र मुलाशी सरळ बोलावं : "सहा महिने याच गिटारवर, हवा तो आवाज लावून रोज वाजव. मग आपण दोघं दुकानात जाऊ." सहा महिन्यांनी त्याला नेमकी कोणती गिटार हवी ते नीट सांगता येईल, आणि आपलाही पैसा योग्य ठिकाणी पडेल.