झिजलेली प्लेट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली आणि आमच्या घरात जुन्या प्लेटींचा विषय पुन्हा निघाला. "आजोबा, हे सगळं आता फोनवर मिळतं, मग ही अडगळ कशाला?" नातवाने विचारले. प्रश्न रास्त होता. तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. आमचे वडील नाना यांनी तो संस्थानच्या नोकरीत असताना घेतलेला. रविवारी जेवणे आटोपली की तो बैठकीत येई. मिनिटाला ७८ फेरे, आणि दहा इंची प्लेटीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे. तेवढ्यात राग उभा करायचा आणि आवरायचाही, ही त्या गवयांची करामत. बालगंधर्वांची पदे होती, अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. फैयाजखाँसाहेब तर आमच्या दरबारचेच गवई. १९५० साली ते गेले, त्या रात्री नाना जेवले नव्हते.

चावी देणे आणि दर बाजूला नवी पिन लावणे हे काम थोरल्या बहिणीचे, अक्काचे. तिचा गळा गोड होता. पण "ऐकावं, घरंदाज मुलींनी गाऊ नये," हा नानांचा दंडक. ज्या गावात मौलाबक्षांनी १८८६ सालीच गायनशाळा काढली, त्या गावात आमच्या घरच्या मुलीला गाणे शिकायची बंदी होती!

मग अक्काने आपली शाळा घरातच काढली. नाना कचेरीत गेले, आईचा डोळा लागला, की ती हिराबाई बडोदेकरांची पटदीपाची प्लेट लावी. एक तान ऐकायची, हात उचलायचा, पुन्हा त्याच जागी टेकवायचा आणि हलक्या आवाजात मागोमाग म्हणायचे. दारात पहारा माझा. हिराबाईंचे वडील अब्दुल करीमखाँ एके काळी बडोद्याच्या दरबारी गायचे आणि त्यांच्या आई ताराबाई बडोद्याच्या माने सरदारांच्या घरातल्या, हे अक्काला कुठूनसे कळले होते. "बघ, घरंदाजच की!" ती मला म्हणे.

लोखंडी पिन लाखेच्या प्लेटीवर तीच जागा शेकडो वेळा घासली, की तिथली काळी लकाकी जाऊन करडा पट्टा उमटतो. १९५१च्या उन्हाळ्यात नानांच्या तो नजरेस पडला. "कोणी झिजवली?" अक्का गप्प राहिली. मी तेरा वर्षांचा. घाबरलो आणि तिचे नाव सांगून मोकळा झालो. नानांनी आरडाओरडा केला नाही. ग्रामोफोनची चावी तेवढी कपाटात गेली. अक्काचे गाणे त्या दिवशी थांबले ते कायमचे.

१९५३ साली तिचे लग्न झाले. पाठवणीच्या सकाळी नानांनी ती प्लेट धुवट धोतरात गुंडाळून स्वतःच्या हाताने तिच्या ट्रंकेत साड्यांच्या मध्ये ठेवली. बोलले काहीच नाहीत. अक्काही पुढे कधी त्याविषयी बोलली नाही. क्षमा मागायचे मी सत्तर वर्षे उद्यावर टाकत राहिलो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मुलीने प्लेट माझ्या हाती दिली, तेव्हा ती त्याच धोतराच्या तुकड्यात होती.

परवा नातवासमोर ती लावली. पट्ट्याशी पिन आली आणि आवाज खरखरला. गाणे जवळजवळ बुडाले. नातवाने लगेच तेच गाणे फोनवर ऐकवले. ते स्वच्छ, निर्मळ होते. हिराबाई त्यात पुऱ्या ऐकू आल्या. अक्का मात्र त्यात नव्हती. ती त्या खरखरीत आहे. नातू थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने पेटी पुन्हा माळ्यावर चढवली नाही. आपल्या खोलीत नेली.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी पेटी असेल. भंगारवाल्याला देण्याआधी ती एकदा उघडावी. प्लेटी एकावर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. ऊन लागू देऊ नये. स्पिरिटने तर कदापि पुसू नयेत, त्याने लाख विरघळते. आणि एवढे करालच, तर पाकिटावर पेन्सिलीने दोन शब्दही लिहा. गाणाऱ्याचे नाव प्लेटीवर छापलेले असतेच. ती कोणी झिजवली, ते मात्र आपण लिहिले तरच राहील. आमच्या पाकिटावर मी ते लिहिले आहे, आणि त्याखाली माझी चूकही.