‘कलर्स’ : गस्तीच्या गाडीतून दिसलेले लॉस एंजेलिस

डेनिस हॉपर दिग्दर्शित ‘कलर्स’ हा चित्रपट एप्रिल १९८८मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. जोडीदार पोलिसांच्या चित्रपटाचा जो साचा मागील लेखांकात पाहिला, म्हणजे एक मुरलेला, सबुरीने घेणारा अधिकारी आणि दुसरा तडफदार पण आततायी, तोच येथेही आहे. मात्र आदल्याच वर्षीच्या ‘लेथल वेपन’मध्ये हा विरोध दोन स्वभावांपुरता आणि बराचसा गमतीचा राहतो, तर ‘कलर्स’मध्ये तो लॉस एंजेलिसच्या पोलीस कारभारातील एका खऱ्याखुऱ्या वादाचे रूप घेतो, या चित्रपटाचे महत्त्व मुख्यतः त्यातच आहे.

शीर्षकातील रंग टोळ्यांचे आहेत. दक्षिण लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत १९७०च्या आसपास ‘क्रिप्स’ उभी राहिली आणि तिच्या दहशतीला तोंड देण्यासाठी काही लहान टोळ्यांनी जी एकजूट केली तिला ‘ब्लड्स’ हे नाव पडले. पहिलीचा रंग निळा, दुसरीचा लाल. या दोन्हींना एकच म्होरक्या आणि वरपासून खालपर्यंत हुकूम असलेली संघटना समजणे चुकीचे ठरेल, कारण प्रत्यक्षात ती गल्लीगल्लीतील स्वतंत्र टोळक्यांची, तेथील भाषेत ‘सेट्स’ची, सैल जुळणी असते आणि क्रिप्सचे सेट्स एकमेकांचेही मुडदे पाडतात. मेक्सिकन वंशीयांच्या टोळ्या तर याहून कित्येक दशके जुन्या. १९८०च्या दशकात क्रॅक, म्हणजे ओढता येणारे स्वस्त कोकेन, या वस्त्यांत शिरले आणि त्याच्या पैशाबरोबर बंदुकाही वाढल्या.

या टोळ्यांसाठी लॉस एंजेलिस पोलिसांनी १९७०च्या दशकात ‘क्रॅश’ नावाचे खास पथक उभारले होते आणि चित्रपटातील हॉजेस (रॉबर्ट ड्युव्हॉल) व मॅकगॅव्हिन (शॉन पेन) हे त्याचेच शिपाई. पथकाचे काम दुहेरी होते : पोरांना चेहऱ्याने, टोपणनावाने, गोंदणाने ओळखून माहिती जमवणे आणि त्याच वेळी त्यांच्यावर वचक ठेवणे. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून होत नाहीत, हे चित्रपट नेमके दाखवतो. थोडासा माल जवळ बाळगणाऱ्या एका पोराला हॉजेस सोडून देतो, कारण आज केलेला उपकार उद्या खबर होऊन परत येईल असा त्याचा हिशेब असतो. मॅकगॅव्हिनला हे पोलिसी कामात न बसणारे लाड वाटतात. भिंतीवर रंग मारणारे एक पोर हाती लागते तेव्हा तो त्याच्याच हातातला फवारा घेऊन त्याच्या तोंडावर रंग उडवतो. तेथे ना गोळी सुटते, ना कुणाला अटक होते. पण पोलिसाच्या लेखी त्या पोराची किंमत काय, हे त्या एका कृतीत जितके कळते तितके चित्रपटातील कोणत्याही पाठलागात कळत नाही.

प्रेक्षकाची सहानुभूती हॉजेसकडे वळवली जाते, परंतु शहराचे अधिकृत धोरण त्या वेळी मॅकगॅव्हिनच्या बाजूचे होते. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांच्या ‘ऑपरेशन हॅमर’ या मोहिमेत, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आधीच्याच शनिवार-रविवारी, सुमारे १,००० पोलीस दक्षिण भागात उतरवून १,४००हून अधिक लोकांची धरपकड झाली आणि त्यांतील बहुतेकांना पुढे आरोप न ठेवताच सोडावे लागले.

मूळ पटकथा शिकागोत घडत होती. ती लॉस एंजेलिसला आणण्याचा हॉपर यांचा निर्णय योग्यच होता, कारण खऱ्या वस्त्यांतील चित्रण, किरकोळ भूमिकांत घेतलेले प्रत्यक्ष टोळीतील तरुण आणि हॅस्केल वेक्सलर यांचे छायांकन यांमुळे पडद्यावरील शहराला वजन येते. तरीही हे शहर गस्तीच्या गाडीच्या काचेतूनच दिसते. वस्तीतील पोरे पळताना, मारताना, मरताना दिसतात. ती काय करून पोट भरणार होती, हा प्रश्न चित्रपट फारसा विचारत नाही. साउथ गेटमधील फायरस्टोनचा टायर कारखाना आणि जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना १९८०च्या दशकाच्या आरंभी बंद पडले आणि ज्या नोकऱ्यांवर या भागातील घरे चालत त्या गेल्या, याचा मागमूस कथानकात नाही. हा चित्रपट टोळ्यांना चिथावणी देईल, अशी ओरड प्रदर्शनाच्या वेळी झाली होती. त्यापेक्षा हा आक्षेप अधिक गंभीर आहे.

अखेरच्या कारवाईत हॉजेस मारला जातो आणि मॅकगॅव्हिनच्या शेजारी नवा, त्याच्यासारखाच उतावळा जोडीदार येऊन बसतो. त्याला मॅकगॅव्हिन हॉजेसचाच म्हाताऱ्या आणि तरण्या वळूचा चावट विनोद ऐकवतो. सबुरीचा धडा असा एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो, एवढीच आशा चित्रपट ठेवतो. प्रत्यक्षातील पथकाने ती खरी ठरवली नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस रॅम्पार्ट विभागातील ‘क्रॅश’च्या शिपायांनी खोटे पुरावे पेरल्याचे आणि निःशस्त्र माणसावर गोळी झाडून त्यालाच गुन्ह्यात अडकवल्याचे उघड झाले, शंभराहून अधिक शिक्षा रद्द कराव्या लागल्या आणि २००० साली ही पथके बरखास्त करण्यात आली.

पुढील लेखांकात याच वस्त्यांचे घराच्या आतून केलेले चित्रण, म्हणजे जॉन सिंगल्टन यांचा १९९१चा ‘बॉइज एन द हूड’, विचारात घेतला जाईल. शक्य असल्यास वाचकांनी तोवर दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.