तरंगणे सोपे, तरंगत राहणे अवघड

कोपरगावात पावसाचा थेंब नसतानाही गोदावरीला पूर येतो. नाशिककडे घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडले जाते आणि ते नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून आमच्याकडे येते. वर कोरडे आकाश आणि खाली दुथडी भरलेली गढूळ नदी, हे आम्हांला नवे नाही. अशाच एका पुरानंतर आळीतली चार-पाच मुले माझ्या अंगणात आली. अंगणात माझी जुनी जीप उभी असते. वडिलांनी ती लष्कराच्या लिलावात, डिस्पोजलमध्ये घेतलेली. मुलांच्या मोबाइलवर एक चित्रफीत होती. परदेशातल्या कुणी गृहस्थाने घरच्या शेडमध्ये दुरुस्त केलेला एक जुना लष्करी ट्रक रस्त्यावरून सरळ तळ्यात उतरत होता आणि बोटीसारखा पुढे जात होता.

“तात्या, आपल्या जीपला खालून पत्रा मारला तर? पुढच्या पुरात अडकलेली माणसं काढता येतील.”

माझी सगळी नोकरी साखर कारखान्यात पंपांवर फिटर म्हणून झाली. पाणी यंत्राच्या आत ठेवणे आणि बाहेर ठेवणे, याच दोन गोष्टींत आयुष्य गेले. म्हणून मुलांना लगेच ‘नाही’ म्हणवले नाही. थोडा वेळ मागून घेतला, मिळेल ते वाचले, आकडेमोड केली. हा लेख म्हणजे त्या मुलांना दिलेले उत्तर आहे.

चित्रफितीतल्या ट्रकचे नाव ‘डक’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आपल्या अडीच टनी ट्रकच्या सांगाड्याभोवती बोटीसारखे कवच चढवून तो बनवला. कंपनीच्या सांकेतिक लिपीतली चार अक्षरे, डी-यू-के-डब्ल्यू, सैनिकांनी जोडून वाचली आणि ट्रकचे बदक झाले. डी म्हणजे १९४२ साल, यू म्हणजे उपयुक्त वाहन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही आसांना ताकद. कवचाच्या रचनेत रॉड स्टीफन्स या शर्यतीच्या शिडाच्या नौकांतल्या जाणकाराचा हात होता. लांबी ३१ फूट, वजन सहा टनांच्या वर, रस्त्यावर वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत आणि पाण्यात जेमतेम १०. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर तो मोठ्या प्रमाणावर उतरला. असे २१ हजारांहून अधिक ट्रक बनले. त्याचे धाकटे भावंड म्हणजे फोर्डची पाण्यात चालणारी जीप. ती १२ हजारांहून अधिक बनली, पण अपेक्षेपेक्षा जड झाली. पाण्यात तिचा काठ फारच थोडा वर राहत असे.

आता पहिला प्रश्न: जीप तरंगेल का? तरंगेल. तरंगण्यासाठी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारावे लागते. गाडीचे वजन कवचासह १,६०० किलो धरा, म्हणजे १.६ घनमीटर पाणी. कवचाच्या तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर असेल, तर ते सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडे जास्त बुडेल. आमच्या गावातला कुठलाही चांगला वेल्डर असे कवच आठवड्यात करून देईल. हे ऐकून मुलांचे चेहरे खुलले.

पण बोटीत आणि या गाडीत एक मूलभूत फरक आहे. साध्या नावेच्या तळाला भोक नसते. या गाडीच्या तळाला भोके ठेवावीच लागतात. इंजिन आत आणि चाके बाहेर, त्यामुळे ताकद नेणारे शाफ्ट कवचातून बाहेर काढावे लागतात. पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा शाफ्ट वेगळा. सुकाणूचा दांडा वेगळा. शिवाय आत साचलेले पाणी जमिनीवर आल्यावर सोडून देण्यासाठी तळाला बुचे हवीत. यातले एखादे एक इंचाचे बूच लावायचे राहिले आणि ते पाण्याखाली फूटभर असले, तर मिनिटाला चाळीस लिटरच्या वर पाणी आत येते. पंधरा मिनिटांत सहाशे लिटर, म्हणजे नऊ-दहा माणसांचे वजन. मूळ डकमध्ये यासाठीच दणकट पंप बसवले होते. दोन इंचांपर्यंतचे भोक पडले तरी ते गाडी वर ठेवू शकत.

प्रत्येक भोकाला वेगळे औषध लागते. प्रोपेलरच्या शाफ्टभोवती ग्लँड असते. कारखान्याच्या पंपावर आम्ही भरत होतो तशीच, वंगण लावलेल्या दोरीची. ग्लँड फार आवळली तर शाफ्ट तापतो आणि घासून खराब होतो. म्हणून ती चालताना थेंब थेंब गळलीच पाहिजे. नवख्या फिटरला हे पटत नाही. तो गळती दिसली की पाना घेऊन धावतो. चाकांकडे जाणारे शाफ्ट मात्र गाडीबरोबर वर-खाली होतात, त्यांना ग्लँड चालत नाही. तिथे रबराची भात्यासारखी आवरणे पट्टीने आवळून बसवतात. रबर उन्हाने चिरते, पट्टी गंजते, आणि दोन्ही गोष्टी वाकून बॅटरी लावल्याशिवाय दिसत नाहीत.

जुना डक घरी उभा करणाऱ्यांचे पहिले काम इंजिनाचे नसते, पत्र्याचे असते. कवचाचा पत्रा दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा. तो बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतो, कारण तळाशी पाणी, तेल आणि चिखल यांचा थर बसलेला असतो. लहान हातोडीने तळ इंच इंच ठोकत जायचे. चांगला पत्रा खणखणतो, सडका बद्द वाजतो. सडलेल्या भागावर ठिगळ मारून भागत नाही. तो कापून काढायचा, नवा तुकडा जोडायचा आणि रेड ऑक्साइड आतूनही लावायचे. मग गाडी पाण्यात नेण्याआधी कोरड्या जागीच तिच्या पोटात थोडे पाणी ओतायचे आणि खाली कागद पसरून कुठे ठिपका पडतो ते बघायचे.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका फरशी पुलावरून पाणी वाहत असताना मी ही जीप त्यातून घातली. गाडी पार झाली, मी खूश. तीन आठवड्यांनी येवल्याच्या रस्त्यावर पुढचे उजवे चाक जाम झाले. शेजारी वडील बसले होते. गाडी फिरून चारीत गेली आणि वडिलांचे मनगट मोडले. हब उघडला तर आतले ग्रीस दह्यासारखे पांढरे झाले होते आणि बेअरिंग गंजून बसले होते. कारण साधे आहे. चालून चालून हब तापतो, आतली हवा फुगते. तसाच तो गार पाण्यात गेला की ती हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. ऑइल सील हे तेल बाहेर जाऊ नये म्हणून असते, पाणी आत येऊ नये म्हणून नव्हे. पाण्यातून आल्यावर हब उघडून ग्रीस बदलायला हवे होते. अर्ध्या दिवसाचे काम होते. मी ते केले नाही. वडील त्यावर कधी काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

या छंदाच्या इतिहासात आपल्या देशाचाही एक धागा आहे. बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अभियंता महायुद्धात भारतीय सैन्यात अधिकारी होता. १९४६ मध्ये बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर त्याने फोर्डची पाण्यातली जीप पाहिली आणि हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. लिलावात तशी एक जीप घेऊन त्याने तिच्यावर केबिन आणि जादा टाक्या चढवल्या. १९४८ मधल्या एका प्रयत्नात प्रोपेलर शाफ्टचे बेअरिंग जाम झाले आणि तो व त्याची पत्नी भर समुद्रात वाहत राहिले. एका तेलवाहू जहाजाने त्यांना वाचवले. १९५० मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघून ते अटलांटिक पार झाले, आणि कार्लिनची फेरी १९५८ मध्ये माँट्रियलला संपली. जीपचे नाव होते ‘हाफ-सेफ’, अर्धी सुरक्षित.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. युद्धानंतर अनेक डक पर्यटकांना फिरवू लागले. १ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लेक हॅमिल्टनमध्ये असा एक ट्रक पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच बुडाला. वरचे छत तसेच असल्यामुळे माणसे आत अडकली. २१ जणांपैकी १३ गेले. चौकशीत आढळले की शाफ्टभोवतीचे रबरी आवरण निसटले होते, आणि दुरुस्ती-देखभाल पुरेशी नव्हती. युद्धात बनलेले ते यंत्र पन्नास वर्षांनी एका रबराच्या तुकड्यापायी गेले.

मुलांचा शेवटचा मुद्दा राहिला होता, पुराचा. मी त्यांना वहीवर हिशेब करून दाखवला. पुराचे पाणी सेकंदाला तीन मीटर वाहत असेल, तर तो वेग ताशी जवळपास ११ किलोमीटर होतो. डकचा पाण्यातला वेग १०. म्हणजे कारखान्यात तयार झालेला, पट्टीचा डकही त्या धारेत वर जाऊ शकणार नाही. तो मागेच सरकेल. मग आपली ठिगळाची जीप काय करणार? पुरात माणसे काढायला साधी, तळाला भोक नसलेली नाव, तिला मागून लावलेले इंजिन, दोर आणि लाइफ जॅकेट हेच बरे.

मुले थोडी हिरमुसली. पण त्यातल्या एकाने विचारले, “तात्या, मग हब कसा उघडायचा ते दाखवा ना.” त्या रविवारी आम्ही जीप जॅकवर घेतली. चारही हब उघडले, जुने ग्रीस रॉकेलने धुतले, बेअरिंगे फडक्यावर ओळीने मांडली. एका बेअरिंगवर त्याला गंजाचा ठिपका सापडला. मला तो दिसला नव्हता.