निजलेल्यांचा जागल्या



नगरच्या माणसानें मुंबईस आगगाडीनें जावयाचें म्हणजे दोन वाटा: मनमाडकडून थळ घाटानें, किंवा दौंडकडून बोर घाटानें. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला तेव्हांपासून हें असेंच आहे. रात्रीच्या गाडींत आपण सारे निर्धास्त निजतों. ड्रायव्हर जागा आहे अशी आपली खात्री असते. पण तो जागा आहे कीं नाहीं, हें पाहावयास कोण जागें असतें?

विजेच्या एंजिनांत त्यासाठीं एक यंत्र असतें. ड्रायव्हरनें मिनिटभर कांहींच केलें नाहीं, वेग बदलला नाहीं, भोंगा वाजविला नाहीं, तर त्याच्यापुढील दिवा लुकलुकूं लागतो. तरीहि त्यानें कळ दाबली नाहीं, तर कांहीं सेकंदांनीं कर्णकटु आवाज होतो. आणि त्यालाहि उत्तर मिळालें नाहीं, तर ब्रेक आपोआप लागून गाडी उभी राहते.

युक्ति उत्तम; परंतु तिला कळतें तें एवढेंच कीं, हात हालला. सवयीचा हात अर्धवट झोपेंतहि कळ दाबूं शकतो. मॅकवर्थ नांवाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानें १९४८ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें माणसांना घड्याळासारख्या तबकडीपुढें दोन तास बसविलें. कांटा एकेक टप्पा पुढें सरके, क्वचित् एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी ओळखावयाची. पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका वाढल्या. परीक्षेच्या दालनांत तीन तास पहारा केलेल्या कोणाहि मास्तराला यांत नवल वाटणार नाहीं.

यंत्राच्या जोडीला रेल्वेंत एक साधी रीत आहे. सिग्नल दिसतांच ड्रायव्हर व त्याचा सहायक त्याचा रंग एकमेकांस मोठ्यानें सांगतात. डोळा, जीभ व कान गुंतले म्हणजे मनाला भटकणें कठीण जातें.

घाटांत तर मूळ योजनाच अविश्वासाची. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोर घाटांत उताराच्या बाजूस चढणीचा आडरूळ काढलेला असतो, आणि सांधे एरव्हीं त्या आडरुळाकडेच लावलेले असतात. गाडीनें आधीं थांबून दाखवावें, मग सांधा मुख्य रुळाकडे वळावा. कोर्टांत गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष. घाटांत उतरती गाडी थांबेपर्यंत दोषी! जुन्या हाताच्या सिग्नलांतहि हेंच तत्त्व होतें. तार तुटली तर हात वजनानें आपोआप धोक्याच्या खुणेवर जाई. बिघाड लपून राहत नसे.

इमारतींतून बसविलेल्या आगीच्या घंटेचें तसें नाहीं. सर्व ठीक असलें तरी ती गप्प, आणि बॅटरी पार संपून मेली असली तरीहि गप्पच. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभागाला आग लागून दहाहून अधिक रुग्ण दगावले. त्या दुर्घटनेचा न्यायनिवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण तेव्हांपासून भिंतीवरची मुकी घंटा पाहिली कीं मी विचारतों, ही शेवटीं कोणत्या तारखेस वाजवून पाहिली? बहुधा कोणास सांगतां येत नाहीं. घंटेशेजारीं एक कागद चिकटवावा. दर महिन्यास ती वाजवून पाहणारानें तारीख घालून सही करावी. आणि सही करणारा दर वेळीं तोच नसावा.