‘टिंग!’ वाजलं, ती कोणती बंदूक?

दोस्तांनो, टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला की सगळ्यांचं लक्ष नायकाकडे असतं. आज आपण नायकाला जरा बाजूला ठेवू. त्याच्या हातात काय आहे ते बघू, आणि बघण्याआधी ऐकू!

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा १९९८ साली आला. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्या लढाईची ही गोष्ट. त्यात रक्तपात इतका आहे की तो मोठ्या माणसांनीच पाहावा. तुम्ही मोठे झालात की पाहालच. पण त्यातली हत्यारं कशी ओळखायची हे मात्र आत्ताच शिकून घ्या, कारण ही युक्ती कुठल्याही युद्धपटाला चालते. युक्ती एकच : बंदुकीच्या पोटात यंत्र कसं चालतं ते समजून घ्यायचं. आतलं यंत्र बाहेर काही ना काही खूण सोडतंच.

पहिली खूण कानासाठी. अमेरिकी सैनिक गोळ्या झाडतो आहे. एक, दोन, तीन... आठवी गोळी सुटते आणि पाठोपाठ ‘टिंग!’ असा स्वच्छ, धातूचा आवाज येतो. ऐकलात की बिनधास्त सांगून टाका, ही एम-१ गॅरंड रायफल! तिच्यात आठ काडतुसं एका पोलादी क्लिपमध्ये बसवून वरून भरतात. शेवटची गोळी गेली की रिकामी क्लिप स्प्रिंगच्या जोरानं टुणकन बाहेर उडते. तोच हा टिंग.

ही रायफल रचणारा जॉन गॅरंड कॅनडात जन्मला. लहानपणी तो अमेरिकेत आला आणि कापडाच्या गिरणीत झाडलोट करू लागला. गिरणीतली यंत्रं बघता बघता तो स्वतःच यंत्रं करायला शिकला! त्याची रायफल अमेरिकी सैन्यानं १९३६ साली स्वीकारली. पुढे अशा ५० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या.

गॅरंड डोळ्यांनीही ओळखता येते. तिच्या नळीच्या टोकाखाली आणखी एक आखूड, जाडसर नळी चिकटलेली दिसते. ती कशासाठी? काडतुसातली दारू जळली की खूप गरम वायू तयार होतो आणि गोळीला पुढे ढकलतो. गोळी बाहेर पडता पडता त्यातला थोडासा वायू एका बारीक भोकातून त्या खालच्या नळीत शिरतो आणि एका दांड्याला मागे रेटतो. दांडा मागे गेला की रिकामं काडतूस बाहेर पडतं. स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते, आणि नवं काडतूस जागेवर बसतं. सैनिकानं फक्त चाप ओढायचा. समोरच्या जर्मन सैनिकाच्या ‘कार-९८-के’ रायफलीत ही सोय नव्हती. दर गोळीनंतर तो उजव्या बाजूची मूठ उचलणार, मागे ओढणार, पुढे ढकलणार, खाली दाबणार. अशा पाच गोळ्या झाल्या की पुन्हा भरायची. सिनेमात हात असा मागे-पुढे होताना दिसला, तर ती गॅरंड नव्हे एवढं नक्की.

आता डोळे मिटा. किनाऱ्यावरच्या जर्मन ठाण्यातून मशीनगन सुरू झाली आहे. पण ‘टक-टक-टक’ कुठे ऐकू येतंय? नवं कोरं कापड टर्रकन फाडावं तसा सलग आवाज येतोय. ही एमजी-४२. ती मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडते. करा बरं भागाकार : सेकंदाला २०! आणि इथे बंदुकीपेक्षा आपल्या कानाची गंमत मोठी आहे. सेकंदाला दहा-बारा ठोके पडले तर कान ते सुटे सुटे ऐकतो. वीसच्या आसपास गेले की ठोके एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यांचा सूर होतो. माणसाला ऐकू येणारा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे २० कंपनांचाच असतो. म्हणजे ही मशीनगन ठोका आणि सूर यांच्या बरोबर सीमेवर वाजते!

इतक्या वेगानं गोळ्या सुटल्या की नळी भयंकर तापते. म्हणून तिच्यावर भोकं असलेलं आवरण असतं, हवा खेळावी यासाठी. भोकं गोल असतील तर ती आधीची एमजी-३४, आणि लांबट असतील तर एमजी-४२. तज्ज्ञ लोक फोटोतही हेच आधी बघतात.

सिनेमाचा नायक कॅप्टन मिलर. त्याच्याकडे थॉमसन सबमशीनगन आहे, तिला लाडानं टॉमीगन म्हणत. गोळी लोड करण्याचा खटका वरच्या बाजूला असेल तर ते जुनं मॉडेल. उजव्या कुशीला असेल तर युद्धकाळातलं सोपं केलेलं मॉडेल. मिलरचा खटका कुशीला आहे, म्हणजे सिनेमावाल्यांनी काळ बरोबर साधलाय. ती मिनिटाला साधारण ७०० च्या वेगानं गोळ्या झाडते आणि मॅगझिनमध्ये मावतात २० किंवा ३०. पुन्हा गणित करा. चाप दाबून धरला, तर मॅगझिन दोन-अडीच सेकंदांत रिकामं! पुष्कळ सिनेमांत नायक मिनिटभर गोळ्या झाडतो आणि मॅगझिन काही संपत नाही. ते साफ खोटं.

खऱ्या लढाईत मॅगझिन संपतं, आणि ते नेमकं नको त्या क्षणी संपतं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर. १० जुलै १९४४ ला, म्हणजे नॉर्मंडीनंतर महिन्याभरानं, शत्रूच्या मशीनगननं त्यांच्या तुकडीतल्या प्रत्येकाला मारलं किंवा जखमी केलं. घाडगे एकटे उरले. सोबत यायला कोणी नाही हे माहीत असूनही ते मशीनगनवर धावून गेले. हातबाँबनं ती बंद पाडली, टॉमीगननं एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणताना तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी भिडले. ठाणं त्यांनी एकट्यानं जिंकलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. कॅप्टन मिलर ही कल्पनेतली व्यक्ती आहे. यशवंत घाडगे आपल्या कोकणातले, अगदी खरेखुरे.

सिनेमात खऱ्या गोळ्या झाडत नाहीत, हे तुम्ही ओळखलंच असेल. तिथे ब्लँक वापरतात : काडतूस असतं, दारू असते, गोळी नसते. पण मग अडचण होते. गोळीचा अडथळाच नाही, त्यामुळे वायू पुढून भस्सकन निघून जातो आणि यंत्र मागे ढकलायला दाब उरत नाही. म्हणून नळीत बाहेरून दिसणार नाही असं बारीक भोकाचं बूच बसवतात. ब्लँक सुद्धा जवळून जीवघेणं ठरतं, त्यामुळे सेटवर हत्यारं सांभाळायला खास माणूस नेमलेला असतो.

गोळी नसली की खांद्याला बसणारा धक्काही नसतो, आणि इथेच नट पकडले जातात. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. सुमारे १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५० मीटर वेगानं पुढे जाते, तेव्हा सव्वाचार किलोची रायफल सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगानं मागे येते. खांदा हलायलाच हवा! आणि गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो ना सिनेमात? तसं होतच नाही. तीच गोळी सत्तर किलोच्या माणसाला फार तर सेकंदाला बारा सेंटिमीटर इतकाच वेग देऊ शकते.

या सिनेमातही एक चूक आहे. सैनिक समुद्रात खोल बुडालेत आणि गोळ्या पाण्यातून सरसरत येऊन त्यांना लागतात. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असतं. रायफलची वेगवान गोळी पाण्यावर आदळली की मीटरभरातच फुटते किंवा तिचा जोर संपतो. दृश्य थरारक आहे, पण विज्ञानात नापास!

शेवटच्या लढाईत जर्मन टायगर रणगाडे येतात. वरून हुबेहूब टायगर. पण नजर खाली न्या. टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली असतात, ५७ टनांचं वजन जमिनीवर पसरावं म्हणून. सिनेमात दिसतात पाच मोठी, सुटी सुटी चाकं. ती आहेत रशियन टी-३४ ची! त्यावर पत्र्याचा टायगर चढवला होता. चालता टायगर मिळणं फारच कठीण. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात असा एक आहे, आणि तो २०१४ च्या ‘फ्यूरी’ सिनेमात दिसतो.

खरे रणगाडे बघायचे असतील तर अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जा. पॅटन आणि आपला विजयंता तिथे अंगणात उभे आहेत. पाटी वाचण्याआधी चाकं मोजा, ती सुटी आहेत की चढलेली ते बघा, वहीत चित्र काढा आणि मग नाव ओळखा. ओळखलेलं बरोबर निघालं की चित्रासकट आम्हाला नक्की कळवा!